गुडघाभर पाण्यातली साळ

केशरबाईला माणसं आवडत नसत असं नाही. माणसं तिला पटत नसत. समोरचा बोलायला लागला की ती खालचा ओठ जरासा पुढं काढून ऐकायची. बोलणाऱ्याला दोन वाक्यांतच उमगायचं, की आपण जे सांगतोय ते हिनं आधीच पायपुसण्याखाली सरकवलंय. उमापूरच्या बाजारात भाजीवाल्या तिला वांगी निवडून देत नसत. दुसऱ्यानं निवडलेल्या वांग्याकडं ती ज्या नजरेनं बघायची, ती नजर वांग्यालाही सोसवत नसे.

ही नजर तिनं माहेराहून आणली नव्हती. ती तिला कालव्यानं दिली.

तिचं रान गावाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या पोटाशी. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या रानात ज्वारी माणूसभर उंच व्हायची. पुढं कालव्याला पाणी सुटलं. गावानं नारळ फोडले, पुढाऱ्यांनी भाषणं केली, ढोल वाजले. कालव्याचं अस्तर कच्चं होतं. ठेकेदारानं सिमेंट कुठं जिरवलं हे त्याचा बंगला बघून कुणालाही कळलं असतं, पण बंगला बघायला गेलेली माणसं चहा पिऊन परत येत. पाणी मात्र झिरपत राहिलं, आणि उताराला लागून केशरबाईच्या रानात येऊन बसलं. काही वर्षांत रान चिबड झालं. कपाशी पिवळी पडून मेली, ज्वारीची मुळं कुजली. वरच्या रानात लोक पाण्यासाठी बोअरवर बोअर घेत होते आणि हिच्या रानात बैल पोटापर्यंत रुतत होता. नवरा आसाराम हयात होता तोवर कचेरीत खेपा घालत राहिला. पाणी काढायला चर खोदून देऊ, असं त्याला दरवेळी सांगत. चर यायचा होता तो राहिला, आसाराम तेवढा गेला.

मग कालव्याच्या डागडुजीला तेलंगणातल्या मजुरांचा तांडा आला. त्यांच्या बायकांनी, ना विचारणं ना पुसणं, त्या दलदलीच्या एका कोपऱ्यात साळ लावली, आपापल्या जेवणापुरती. केशरबाई बांधावर उभी राहून हसली. चिखलात खेळायची हौस म्हणायची, दुसरं काय. दिवाळीच्या सुमाराला तो कोपरा पिवळाधमक झाला, लोंब्या ओझ्यानं वाकल्या, आणि केशरबाईचं हसू आपोआप आटलं. तांडा हलला तेव्हा त्यातल्या एका काळ्यासावळ्या बाईनं तिच्या पदरात बियाणं ओतलं आणि हाताच्या खुणांनी सांगितलं, रोप कसं टाकायचं, कसं उपटायचं, पाणी कधी ठेवायचं आणि कधी सोडून द्यायचं. केशरबाईनं तिचं नावसुद्धा विचारलं नाही. तेवढी एक गोष्ट तिला पुढं अधूनमधून टोचायची.

तेव्हापासून ती साळ लावते. सोबतीला सून सत्यशीला. मुलगा चाकणला कारखान्यात, त्याला चिखल बघवत नाही.

गाव ज्वारीचं. इथं भाकरी पोटासाठी आणि भात पंगतीसाठी, नाहीतर दुखणेकऱ्यासाठी. राशनचा तांदूळ बरीच घरं पिशवीची गाठ न सोडताच दारावर येणाऱ्या रिक्षावाल्याला देऊन टाकत. अशा गावात एक बाई गुडघाभर चिखलात वाकून साळ लावते म्हटल्यावर लोकांनी तिला 'कोकणीण' म्हणायला सुरुवात केली. कोकण त्यांच्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं. केशरबाईनं ते नाव ओठ पुढं काढून ऐकलं आणि सोडून दिलं. ज्यांना स्वतःच्या रानात बोंडअळी ओळखता येत नाही त्यांनी दुसऱ्याला नावं ठेवावीत, तेवढाच त्यांचा धंदा.

साळ पिकवणं सोपं निघालं. विकणं अवघड होतं. गेवराईच्या बाजारात अडत्या बद्रीनाथ हा एकटाच ती घ्यायचा, आणि तोही तोंड वाकडं करून. ओल लई हाय, माती लई हाय, काडी लई हाय. पोत्यात हात घालून तो दरसाल हेच म्हणायचा. एका वर्षी त्यानं भाव जास्तच पाडला. कारण विचारलं तर म्हणाला, सरकारनं तांदूळ देशाबाहेर पाठवायला बंदी घातलीय, मी तरी काय करू?

“माझी साळ कवा गेलती देशाबाहेर?” केशरबाई म्हणाली. “ती गेवराईच्या बाहेर तरी गेलती का?”

पुढच्या वर्षी बंदी उठली. केशरबाई पोती घेऊन गेली, तर बद्रीनाथ म्हणाला की आता गोदामं भरून वाहतायत, सरकार आपलाच साठा स्वस्तात बाजारात काढतंय, भाव कुठनं येणार? म्हणजे दार लावलं तरी भाव खाली, दार उघडलं तरी खाली. दिल्लीत कुणीतरी शिंकलं की गेवराईत बद्रीनाथला पडसं व्हायचं, आणि औषधाचा खर्च केशरबाईनं करायचा.

दर पावसाळ्याच्या तोंडाशी सत्यशीलाच्या मोबाईलवर सरकारचा हमीभाव यायचा. भाव साऱ्या देशासाठी, पण त्या भावानं साळ तोलून घेणारा काटा तिकडं भंडारा-गोंदियाकडं. बोनस जाहीर झाला तरी तोही तिकडं. इकडं खरेदी केंद्र का नाही, तर इकडं साळ पिकत नाही म्हणून. पिकते हे दाखवायचं कुणाला, तर ज्याचं केंद्र आहे त्याला. सरकारच्या लेखी केशरबाईच्या रानात दरसाल दलदल पिकत होती.

म्हणून तिच्या मनानं एक हट्ट धरला होता. आपली साळ एकदा सरकारी काट्यावर चढली पाहिजे. दोन पैसे जास्त मिळाले तर हवेच होते, पण खरं कारण निराळं होतं. ज्याला घासाघीस करता येत नाही आणि ज्याच्या तोंडात 'ओल लई हाय' नाही, असा एक लोखंडाचा काटा तिला हवा होता. माणसांवर तिचा भरवसा नव्हता. लोखंडावर होता.

हा हट्ट राधाकिशनला बरोबर ठाऊक होता.

राधाकिशन तिचा चुलत दीर. पंचायत समितीचा माजी सदस्य. निवडणूक हरल्यापासून त्याच्या गळ्यातला गमछा लांब आणि बोलणं जाड झालं होतं. उठता-बसता 'विकास' म्हणायचा आणि बसलेल्या जागेवरून पाय तेवढा हलवायचा. त्याला जिल्ह्याच्या कचेरीत कुणीतरी सांगितलं, की साळीची लागवड पुरेशी दिसली तर इकडंही केंद्र मिळू शकतं, आणि ते चालवायचं काम एखाद्या सोसायटीला देतात. राधाकिशनच्या सोसायटीची पाटी तयार होती. सोसायटी मागाहून येणार होती.

तो केशरबाईच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, वहिनी, काटा तुमच्या दारात आणतो. फक्त गावाला साळ लावावी लागंल.

कुणी लावायची, असं तिनं विचारलं.

लावायची म्हणजे दाखवायची, असं त्यानं सांगितलं.

दाखवण्याचं काम हनुमानाकडं आलं. हनुमान म्हणजे राधाकिशनचा उजवा हात. डाव्या हाताचं कामही तोच करायचा. पिकाची नोंद मोबाईलवर फोटो काढून करायची, आणि फोटो काढताना आपण कुठं उभे आहोत हेही मोबाईल टिपून घेतो, एवढी अक्कल त्याला होती. म्हणजे साऱ्या गावाला केशरबाईच्या रानात उभं करून चालणार नव्हतं. त्यानं केशरबाईकडून साळीचे चार-दोन फुटवे मातीसकट मागून घेतले, घमेल्यात ठेवले, आणि घमेलं मोटारसायकलवर बांधून गावभर फिरवलं. ज्याच्या रानात जाईल तिथं घमेलं उतरवायचं, वर माती ओढून घमेल्याची कड झाकायची आणि मोबाईल अगदी जवळ धरून फोटो काढायचा. दुपारपर्यंत माळावर, मुरमाड टेकाडावर, जिथं करडईसुद्धा रडत उगवते तिथं, साळ हिरवीगार डोलायला लागली. एका आठवड्यात निम्मं गाव भातवालं झालं. ज्यांनी तिला कोकणीण म्हटलं होतं तेही रांगेत होते.

केशरबाईनं हे सगळं पाहिलं. फुटवे दिले ते तिनंच. काट्यासाठी दिले. गावाच्या खोटेपणाचं तिला काही वाटलं नाही, तिला फक्त त्यांचा गबाळेपणा बघवेना. शेवटच्या दिवशी संध्याकाळी घमेलं परत आलं तेव्हा तिनं फुटव्यांकडं बघितलं. ते कोमेजले होते. ‘साऱ्या गावाची साळ मेली आज,’ असं ती सत्यशीलाला म्हणाली आणि घमेलं गोठ्यात उलटं केलं.

नोंदी झाल्या, राधाकिशनचे दोन-तीन सत्कार झाले. पण फोटो वर गेले तसे प्रश्न खाली आले. एवढी साळ बीड जिल्ह्यात कुठनं आली हे बघायला खरेदी खात्याचे एक साहेब स्वतः येणार, असा निरोप आला. तेही दिवाळीनंतर लगेच, साळ पिकून उभी असताना.

केशरबाईची साळ तोवर कापणीला आली होती. त्या तेलंगणी बाईनं शिकवलं होतं तसं तिनं बांधाला खांड पाडून पाणी सोडून दिलं होतं. रान भेगाळलं होतं, काडी सोनेरी झाली होती, दाणा दाताखाली कडकन वाजत होता. ती विळे पाजळून बसली होती. राधाकिशननं हात जोडले. साहेब येऊस्तोवर थांबा वहिनी, खरी साळ एवढीच हाय, हीच कापली तर साहेबाला काय दाखवू, माझं तोंड? राधाकिशनचं तोंड बघून कुणी काटा देणार नाही हे तिलाही पटलं. ती थांबली.

निरोपानंतर दोन दिवसांनी हनुमान आला. केशरबाई ओट्यावर मूग निवडत होती.

राधाकिशनचा बेत असा होता. साहेबाला सगळी रानं फिरवायची नाहीत. रस्त्याकडेची तीन-चार रानं तेवढी तयार करायची, गाडीतूनच दाखवायची, आणि शेवटी केशरबाईच्या खऱ्या रानात आणून पेढा भरवायचा. रस्त्याकडेच्या रानांत कालव्याकाठचा लव्हाळा उपटून रांगेत खोचायचं ठरलं होतं. लांबून कुणाला काय कळतंय. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली होती.

“काकू, साळीला पाणी किती ठिवावं लागतं?” हनुमानानं विचारलं.

आता उत्तर सरळ होतं. या दिवसांत थेंबभरसुद्धा नाही. कापणीला आलेल्या साळीत पाणी असेल तर पोरसुद्धा हसेल. हे एवढंच सांगायचं होतं. पण हनुमान तिच्या ओट्यावर चप्पल न काढता उभा होता, दात कोरत होता, आणि नजर अर्धी मोबाईलमध्ये होती. ज्याला साळ म्हणजे काय हे माहीत नाही तो साऱ्या गावाची साळ उगवायला निघाला होता, आणि तिची इतक्या वर्षांची कंबरमोड त्याला एका प्रश्नात हवी होती. केशरबाईचा ओठ हळूच पुढं आला.

“गुडघाभर,” ती म्हणाली. “पाण्याबिगर कसली आलीय साळ? साहेबाला लांबून पाणी चमकताना दिसलं पायजे.”

हनुमान खूश होऊन गेला. सत्यशीला आतून ऐकत होती. ती दारात येऊन म्हणाली, “आत्याबाई, खरं सांगा की त्यांला.”

“कावून?” केशरबाईनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. “गाढवाला गुळाची चव सांगत बसू? बुडू दे मेल्यांला.”

आणि ती हसली. तिला असं मनापासून हसताना सत्यशीलानं फार वेळा पाहिलं नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी राधाकिशननं वेशीवर मांडव घातला. केशरबाईला नवं लुगडं नेसायला लावून, हातात ओवाळायचं ताट देऊन, सकाळपासून तिथं उभं केलं. बाजूला सत्यशीला. अकराला येणारे साहेब बाराला आले नाहीत, दोनला आले नाहीत. ताटातली वात विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. राधाकिशन दर थोड्या वेळानं मोबाईल कानाला लावून 'हो साहेब, हो साहेब' म्हणायचा. पलीकडं कुणी होतं की नाही देव जाणे. केशरबाई ताट धरून मनात म्हणत होती, की ज्या माणसाला ओवाळायला विझलेली वात पुरते त्याला काटा तरी चालू करता येत असेल का? पण उभी होती. काट्यासाठी.

साहेब चारला आले. उतरले तर साधा माणूस, डोक्यावर टोपी, पायात धुळीचे बूट. ओवाळून घ्यायला थांबले नाहीत, हात जोडले आणि म्हणाले, आधी धान बघू. ते गोंदियाकडचे निघाले, साळीला धान म्हणणारे. हे राधाकिशनला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला साहेब म्हणजे साहेब, तो पुण्याचाच असतो असं वाटत होतं.

गाडी रस्त्याकडेच्या पहिल्या रानाशी आली. रान पाण्यानं काठोकाठ भरलेलं, आणि त्यात लव्हाळा रांगेत उभा, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखा. राधाकिशन गाडीतूनच हात करून दाखवायला लागला. साहेबांनी गाडी थांबवली, बूट काढले, विजार वर खोचली आणि सरळ पाण्यात उतरले. एक फुटवा ओढला. तो लगेच हातात आला, मुळाला मातीसुद्धा न लागता. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, हुंगला, आणि परत जागेवर नीट खोचला.

कापणीच्या दिवसात पाणी कोण ठेवतो, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

“आमच्याकडं ठिवत्यात साहेब,” राधाकिशन म्हणाला. “मराठवाडी पद्धत हाय.”

“पद्धत चांगली आहे,” साहेब म्हणाले. “बदकांसाठी.”

मागं उभ्या केशरबाईच्या आत काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत तिला पटलेला हा पहिला माणूस. तिला वाटलं, आता हा माणूस माझं रान बघेल. भेगाळलेली माती, सोनेरी काडी, कडकन वाजणारा दाणा. सांगावंसुद्धा लागणार नाही, त्याला दिसेल. राधाकिशन घाम पुसत म्हणत होता, साहेब, खालचं रान बघा, आमच्या वहिनीचं, तिथं अस्सल माल हाय. आयुष्यात पहिल्यांदा राधाकिशन खरं बोलत होता आणि केशरबाई सगळ्यांच्या पुढं चालत होती. कालव्याचा भराव ती पोरीसारखी चढली.

वर पोचली आणि थांबली.

रान चमकत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, आणि त्यावर उतरतीचं ऊन. तिनं पाडलेली खांड कुणीतरी दगड-मातीनं पक्की बुजवली होती, आणि वरच्या अंगाला कालव्यातून येणाऱ्या चारीचं दार सताड उघडं होतं. पिकून जड झालेली साळ उभी राहिली नव्हती. मुळाशी माती सैल झाली, लोंब्यांचं ओझं झालं, आणि साळ आडवी झाली होती, पाण्याखाली, गालिच्यासारखी. मधे कुठं कुठं एखादी लोंबी वर होती, तेवढीच.

हनुमान पुढं आला. त्याच्या तोंडावर शाबासकीची आशा दिसत होती.

“काकू, तुमचं रान तर पार वाळून गेलतं,” तो म्हणाला. “साहेब काय म्हणतील म्हनून पहाटंच दार उघडलं बघा. तुमी सांगितलं तसं, गुडघाभर केलंय.”

पाणी चारीतून अजून येत होतं, त्याचा आवाज तेवढा होता. राधाकिशनला काय झालंय ते कळलंच नव्हतं. तो साहेबांच्या तोंडाकडं बघून हसायची वाट बघत होता. सत्यशीलानं सासूकडं बघितलं. सासूचा ओठ आत गेला होता.

साहेब पाण्यात उतरले. हात घालून एक लोंबी वर काढली, दाणा दातानं फोडला. मग केशरबाईकडं बघून म्हणाले, “बाई, हे खरं धान आहे जी. चांगलं पिकवलंय.”

“मग लिवा की तसं,” ती म्हणाली.

साहेबांनी लोंबी हळूच तिच्या हातात दिली. त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की एका रानासाठी काटा उघडत नाही. एक खरं आहे असं लिहिलं तर बाकीच्यांचं काय म्हणून विचारतील, आणि बाकीच्यांचं खरं लिहिलं तर गावावर गुन्हे होतील, त्यात हे रानही येईल, कारण फोटोतले फुटवे याच रानातले आहेत. त्यापेक्षा धान आढळलं नाही एवढंच लिहिणं सगळ्यांना सोयीचं. जाताना ते म्हणाले, आजच्या आज पाणी काढा आणि कापा, नाहीतर मोड येतील. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एवढं तरी खरं बोलून गेला म्हणून तिनं मान हलवली. पटलेल्या माणसाच्या हातूनही शेवटी काम तेच झालं, जे न पटलेल्या माणसांच्या हातून झालं असतं. काटा आला नाही.

गाडी गेली. केशरबाईनं नवं लुगडं वर खोचलं, खोरं घेतलं आणि बांधाला खांड पाडली. मग ती राधाकिशनकडं वळली. तो म्हणायला लागला होता, की पुढच्या हंगामात बघा वहिनी, मी वरपर्यंत बोलतो.

“आधी खालपर्यंत वाक,” ती म्हणाली. “उतर पाण्यात.”

राधाकिशन उतरला. पांढऱ्या कपड्यांनिशी उतरला, कारण तिच्या हातात खोरं होतं आणि गाव भरावावर उभं होतं. त्याच्यामागं हनुमान. राधाकिशन त्याला दबक्या आवाजात ‘आबे हनम्या, दार उघडायला तुला कुनी सांगितलतं बे’ असं विचारत होता, आणि हनुमान केशरबाईकडं बोट दाखवत होता. दोघं पेंढ्या उचलून भरावावर टाकत राहिले. निम्म्या पेंढ्या त्यांनी पायाखाली तुडवल्या. केशरबाई आणि सत्यशीला शेजारी शेजारी वाकून कापत होत्या. काडीपेक्षा विळा पाण्यातच जास्त फिरत होता. बराच वेळ सून काही बोलली नाही. सासूला ते सहन होईना.

“बोल की,” ती म्हणाली.

“काय बोलू, आत्याबाई?” सत्यशीलानं पाण्यातून पेंढी ओढली. “खरंच गुडघाभरच हाय.”

केशरबाईनं ते ऐकून घेतलं. गावातल्या कुणाचं तिनं असं ऐकून घेतलं नव्हतं.

साळ वाळवली तोवर बहुतेक दाण्याला मोड फुटला होता. ती बद्रीनाथकडं घेऊन गेली. त्यानं पोत्यात हात घातला आणि दरसालची वाक्यंसुद्धा म्हटली नाहीत. नुसता हात झटकला. ते तिला जास्त लागलं. जी वरच्या पेंढ्यांमधली साळ बरी निघाली ती तिनं बियाण्याला आणि घराला ठेवली. बाकीची म्हशीनं खाल्ली.

पुढं उन्हं तापायला लागली आणि राधाकिशन पुन्हा ओट्यावर आला. आता चप्पल काढून, आणि थोडा कडेला. बीडला कृषी प्रदर्शन भरणार होतं. नव्या वाटेनं जाणाऱ्या शेतकऱ्यांचा एक मांडव होता, आणि फोटोतल्या साळीमुळं त्यात उमापूर परिसराचं नाव आलं होतं. एका खात्यानं नाही म्हटलेली साळ दुसऱ्या खात्याला हवी होती. तांदळाची परडी मांडायची होती, पाटीवर राधाकिशनचं नाव होतं आणि परडीत घालायला तांदूळ नव्हता.

सत्यशीलाला वाटलं, आता सासू त्याला उंबऱ्यावरून हाकलेल. केशरबाई उठली, आत गेली आणि कापडी पिशवी भरून घेऊन आली. राधाकिशननं पिशवी छातीशी धरली, वहिनी तुमचे उपकार, असं म्हणत गेला.

सत्यशीलानं आत जाऊन बघितलं. घरची साळ भरडून ठेवलेली कणगी भरलेली होती. कोपऱ्यात राशनच्या तांदळाची गोणी होती, ती मात्र निम्मी रिकामी होऊन बसली होती.

प्रदर्शन झाल्यावर हनुमान सांगत आला. मोठे पाहुणे आले होते. त्यांनी परडीतला तांदूळ मुठीत घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, हा तर परदेशात पाठवायच्या लायकीचा माल आहे. टाळ्या झाल्या. राधाकिशननं गमछा उडवला. आता पाहुण्यांचा माणूस येणार होता, त्या तांदळाचं रान बघायला.

केशरबाई काडीकचरा पेटवून रोपासाठी वाफा भाजत होती. धूर डोळ्यांत गेला म्हणून असेल, तिनं पदर तोंडाला लावला होता. सत्यशीला हनुमान जाईपर्यंत थांबली आणि मग कळवळून म्हणाली, “आत्याबाई, परत तेच केलंत तुमी. आता ते रान बघाया येतील.”

“येऊ दे.”

“परत पाणी सोडतील की.”

केशरबाईनं कमरेच्या चंचीतून एक चावी काढली आणि सुनेपुढं धरली. वरच्या अंगाला चारीच्या दारावर तिनं लोखंडाचा पत्रा ठोकून घेतला होता, आणि पत्र्याला कुलूप. आठवडा झाला होता, सत्यशीलाला पत्ता नव्हता.

“ह्या बारीला,” ती म्हणाली, “पाणी आपल्या रानात येत न्हाई.”

चावी परत चंचीत गेली, आणि ओठ पुन्हा पुढं, जिथला तिथं आला.